साबणदाणीतला ट्रान्समीटर

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला भडगावचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. पाव्हणे मला बघायला आले होते. आपल्याबद्दल काय बोलतात ते ऐकावं, म्हणून मी ओट्यावर स्वतः सोल्डर करून जुळवलेला ट्रान्समीटर साबणदाणीत बसवून बैठकीतल्या फोटोमागे ठेवला होता. ओट्यापाशी उभी राहून मी छोटा रेडिओ कानाला लावला. पण आवाज पाव्हण्यांचा नव्हता. अहिराणीत बोलत होते माझे वडील, आबा.

"पोर काळी शे, पन राबाले बैल शे. तिनी रेडिओनी खुडबूड लगीननंतर बंद व्हई जाई."

लग्नानंतर माझी रेडिओची खुडबूड बंद होईल, हे ऐकून पाव्हणे हसले. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोहे ने."

तेव्हा मी खूप रडले. आज आठवतं ते एवढंच, की ट्रान्समीटर त्या दिवशी पहिल्यांदा नीट चालला. आबांच्या आवाजात जराही खरखर नव्हती.