सगळे चिंचोके गटारावर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर चिंच फोडली. संध्याकाळी दारात पोतं अंथरून बसलो. मी बत्त्याने टरफलं फोडत होतो, ती शिरा काढून चिंचोके वेगळे करत होती आणि गर मिठात दाबून बरणीत भरत होती. वर्षाची चिंच दरसाल आम्ही अशीच करायचो. मधूनच ती चिंचेचं एखादं बोटुक मिठाला लावून चोखायची. मी बोललो, "किती चोखशील, पित्त होईल."

ती बोलली, "माझं पित्त मी बघीन. तुम्ही बत्ता बघा, बोटावर मारून घ्याल."

थोड्या वेळाने डावा हात झटकायला लागली. जड झालाय म्हणे. मी बोललो, "काम आलं की तुझा हात जड होतोच." हसली. चिंचोके डब्यात भरले, पोतं झटकलं, उठलो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ती गेली. शेजारची वहिनी चाळण परत द्यायला आत गेली, तर ही पलंगाच्या कडेला खाली पडलेली. रिक्षात घातली, हॉस्पिटलात नेली. डॉक्टर बोलला, हार्ट अटॅक, आणायच्या आधीच गेल्यात. मुलगा टिटवाळ्याहून पोचला तोपर्यंत तिच्या तोंडावर चादर ओढलेली.

मी चौथी शिकलेला माणूस. डोंबिवलीच्या कंपनीत कापडं रंगवण्यात माझा जन्म गेला. लिहायची सवय नाही. पण एक गोष्ट गळ्याशी अडकलीय, ती बोलून निघत नाही. लिहून निघते का बघतो.

त्याच्या आधीच्या थंडीत आरोग्य केंद्रातली सिस्टर आमच्या चाळीत आलेली. कल्याण पूर्वेला आमची चाळ, खोल्यांच्या समोरून उघडं गटार. सिस्टर तरणी पोरगी, पण बोलायला धीट. तिचं म्हणणं असं, की तुमच्या वस्तीला कसली माहिती पाहिजे ते तुम्हीच सांगा, त्याप्रमाणे मी कार्यक्रम घेईन. कुठे साखरेबद्दल, कुठे बाळंतपणाबद्दल, कुठे दारूबद्दल. ऑफिसात बसून ठरवलं की बायका येत नाहीत, येऊन जांभया देतात. रविवारी विहारात जमू, मी चित्रं मांडते, प्रत्येकीने आपल्याला जे पाहिजे त्या चित्रावर खडे ठेवायचे. जिथे जास्त खडे, तो कार्यक्रम आधी.

आमची ही लगेच बोलली, "खडे कशाला, माझ्याकडे डबाभर चिंचोके आहेत."

मी चाळ कमिटीचा जुना माणूस. त्या गटारासाठी मी किती वर्षं पालिकेच्या पायऱ्या झिजवल्या ते मलाच माहीत. मला वाटलं, सरकारचं माणूस पहिल्यांदा स्वतःहून दारात आलंय, हा मोका सोडायचा नाही. आदल्या दिवशी खोलीखोलीत जाऊन बायकांना सांगून आलो. उद्या इकडे तिकडे बघायचं नाही, सगळे चिंचोके गटारावर.

सिस्टर मला आधी स्पष्ट बोललेली, "काका, गटार बांधणं माझ्या हातात नाही हो. मी फक्त आजाराची माहिती देणार."

मी म्हटलं, सरकारी माणूस पहिल्या झटक्याला नाहीच बोलतो.

रविवारी विहारात सतरंजीवर चित्रं मांडलेली. एक उघडं गटार आणि वर मच्छर. एक खोकणारा म्हातारा. एक पोटुशी बाई. आणि एक बाई छातीला हात लावून बसलेली, कपाळावर घामाचे थेंब काढलेले. बायका एकेक करून पुढे यायच्या, माझ्याकडे बघायच्या, आणि गटारावर चिंचोके टाकून मागे जायच्या. मी भिंतीला टेकून उभा. मला वाटत होतं, मी केवढं मोठं काम करतोय.

आमची ही आली ती त्या छातीवाल्या बाईसमोर थांबली. मला हळूच विचारते, "अहो, हे कशाचं?"

मी बोललो, "ते म्हाताऱ्यांचं. गटारावर टाक."

"मग मी काय तरणी आहे?"

बायका खो खो हसल्या. वहिनी बोलली, "भाऊजींना विचारा, त्यांना अजून तरणीच दिसते." हीसुद्धा हसली. हसत हसत गटारावर चिंचोके ठेवले, पण एक हातात राहिला होता, तो तिने त्या छातीवाल्या बाईवर ठेवला.

मी वाकलो, तो उचलला, आणि गटारावर टाकला.

सिस्टर बोलली, "काका, ज्याचे त्याने ठेवायचे असतात."

मी बोललो, "आमच्या घरातलाच आहे. तिचं माझं काय वेगळं आहे का."

ही उठली. जाऊन बायकांत बसली. तिला जिना चढताना दम लागायचा, हे मला माहीत होतं. मधूनच छातीत जळजळतं बोलायची, तेही माहीत होतं. पण ते मला बाईमाणसाचं रोजचं गाऱ्हाणं वाटायचं. तिला त्याबद्दल काही विचारायचं असेल, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. तो एक चिंचोका म्हणजे तिने विचारलेलं होतं, आणि मी तो उचलून घेतला.

मग कार्यक्रम झाले ते मच्छरांचे. चांगले झाले, खोटं कशाला बोलू. सिस्टरने पिंपातल्या अळ्या दाखवल्या, पिंप घासून कोरडं करायला शिकवलं. ही एकही कार्यक्रम चुकवायची नाही. आमचं पिंप चाळीत सगळ्यात साफ. छातीचा कार्यक्रम झाला नाही. त्या चित्रावर एकही चिंचोका नव्हता.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर सिस्टर घरी आली. तिच्या फोटोला हात जोडले, चटईवर बसली. मला विचारलं, काकींना काय काय होत होतं. मी सांगितलं. घाम, मळमळ, डावा हात, जबडा दुखतोय बोलत होती. ती ऐकत गेली आणि तिचं तोंड उतरत गेलं. बोलली, "बायकांना पुष्कळदा असंच होतं, काका. छातीत कळ येईलच असं नाही. पित्त समजून घरी पडून राहतात. अशा वेळी थांबायचंच नसतं."

मी बोललो, "हे तू तेव्हा सांगितलं असतंस तर."

तिने फोटोकडे बघितलं. मग बोलली, "हो. एक चिंचोका मी बघितला होता. तुम्ही उचललात तरी मी बघितला होता. मी कार्यक्रम घ्यायला हवा होता."

मी बोललो, "तुझं तू बघ. माझ्या चुकीतलं तू उचलू नकोस."

तिने पुन्हा चित्रं मांडली. यावेळी सगळ्या बाप्यांना विहाराबाहेर बसवलं. मी स्वतःच आधी जाऊन बाहेर बसलो. चिंचोके माझ्याच घरचे, त्या शेवटच्या संध्याकाळचे. डबा मी नेऊन दिला. आत एकेक चिंचोका पडत होता, आणि बायका काय काय बोलत होत्या. मी चाळीत इतकी वर्षं राहिलो, पण आमच्या बायकांना एवढं विचारायचं असतं, हे मी पहिल्यांदा बाहेर बसून ऐकलं.

पुढच्या रविवारी छातीचा कार्यक्रम झाला. सिस्टर बोलली, काका, तुम्ही सांगाल का, काकींना कसं कसं झालं ते. ऐकलेलं लक्षात राहतं. मी उभा राहिलो. चिंच सांगितली, हात सांगितला, घाम सांगितला, पित्त समजून मी तिला सोडा पाजला तेही सांगितलं. बायका पदर डोळ्याला लावत होत्या.

वहिनीने मागून विचारलं, "भाऊजी, त्यानंतर तुम्ही बाहेरच होता ना, गटारावर झाकणं टाकत होते तिथे?"

मी बोललो, "हो, बाहेरच होतो."

आणि बसलो. खोटं नव्हतं. सगळ्यांनी मला बाहेर बघितलेलं. वहिनीला वाटलं असेल, बायकोला बरं वाटतंय बघून मी बाहेर आलो. मी तिला तसं वाटू दिलं. बायकांनी हात जोडले, एक म्हातारी बोलली, किती केलंत हो तिचं. तेही मी ऐकून घेतलं. घरी आलो तर जेवण जाईना.

म्हणून त्या सकाळचं जसं घडलं तसं इथे लिहितो. सिस्टर वाचेल, वहिनी वाचेल, मुलगाही वाचेल.

सकाळी उठलो तर ही पलंगावर बसलेली. वर पंखा चालू आणि मानेवरून घाम ओघळतोय. बोलली, "मळमळतंय. जबडासुद्धा दुखतोय बघा, दात दुखतो तसा." मी बोललो, "काल सांगत होतो, चोखू नको चिंच. झालं ना पित्त." पाण्यात सोडा कालवून दिला. अर्धा प्यायली, अर्धा ठेवला.

तेवढ्यात बाहेर टेम्पो लागला. गटारावर टाकायची काँक्रीटची झाकणं आलेली. त्या चिंचोक्यांमुळे नाही, ठेकेदाराला काम लागलं म्हणून. पण मला वाटलं, माझंच गटार, माझीच झाकणं. चपला घातल्या.

ती बोलली, "अहो, जरा बसा ना माझ्याजवळ."

मी बोललो, "मी नसलो तर ते झाकणं वाकडी टाकतील. तू पड जरा, आलोच."

ती पडली नाही. मी दारातून वळून बघितलं, तर तशीच बसलेली, डावा हात मांडीवर घेऊन, माझ्याकडे बघत. मला तिचा रागच आला. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते आज होतंय, आणि हिला आजच पित्त.

बाहेर गेलो. मजुरांवर ओरडलो. एक झाकण डुगडुगत होतं ते पुन्हा उचलायला लावलं, खाली खडी घालायला लावली. आमच्या दारासमोरचं झाकण बसलं तेव्हा त्यावर उभा राहिलो, पाय आपटून बघितला. हललं नाही. खूश होऊन आत हाक मारली, "अगं, बघ तरी बाहेर येऊन, झालं आपलं."

आतून आवाज आला नाही. मला वाटलं, झोप लागली. म्हटलं बरं झालं, आणि पुढच्या झाकणाकडे गेलो.