तांदळातलं नाव

आमच्याकडे नवरीचं नाव बदलायची रीत होती. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, बायकांनी वाकून वाकून ते वाचायचं आणि पेढे वाटायचे. माझंही बदललं. पुढे यांनी रीतसर गॅझेटमध्ये देऊन सगळ्या कागदांवरूनही बदलून घेतलं. ते जुनं नाव मी इथे लिहीत नाही. नवंही नाही लिहीत, राग येतो.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी यांनी मला त्या नावाची गोष्ट सांगितली होती. कॉलेजात असताना यांनी एक सिनेमा पाहिला होता. एका मुलाच्या स्वप्नातली मुलगी खरीखुरी होऊन त्याच्या दारात येते, असा काहीतरी. घरी येताना रस्त्यातच यांनी आपल्या मनातल्या मुलीला नाव देऊन टाकलं. "नाव तेव्हापासून तयार होतं," हे म्हणाले, "तू मिळायची तेवढी बाकी होतीस." मी बाई हरखून गेले! अमरावतीच्या मैत्रिणींना किती दिवस मिरवत सांगितलं. नशीब काढलंस, म्हणाल्या सगळ्या.

मग बँकेने यांची जयपूरला बदली केली आणि आम्ही इथलेच झालो. मानसरोवर भागात फ्लॅट घेतला, मुलगी इथेच झाली. हे पुण्याचे, मी वऱ्हाडातली. मी "काय करून राहिले" म्हटलं की हे हसून थांबायचे. रागवायचे? छे! नुसते थांबायचे, मी "काय करतेय" म्हणेपर्यंत. लाल साडी नेसले की म्हणायचे, "छान आहे, पण तुला फिकट रंग खुलतात." खदखदून हसले की फक्त माझ्याकडे बघायचे. आवाज एकदाही चढवला नाही, अजूनही चढवत नाहीत. शेजारची भाभीजी तर म्हणते, भाईसाहब देवता आहेत. मारझोड करणारा असता तर भांडून माहेरी तरी गेले असते. गोड माणसाची तक्रार कुठल्या तोंडाने करायची? सांगताही येत नाही आणि सहनही होत नाही, अशातली गत.

आणि मला ती दिसायला लागली. दिसायला म्हणजे डोळ्यांनी नाही, मला काही वेड लागलेलं नाही. पण ती घरात असते. यांच्या मनातली ती, जिचं नाव मी लावते. साडीच्या दुकानात माझा हात लालकडे जातो आणि ती तो उचलून मोतिया रंगावर ठेवते. हसू ओठांपर्यंत येतं आणि ती पदर पुढे करते. खरी सवत असती तर झिंज्या उपटल्या असत्या मी तिच्या! हिच्या झिंज्या कुठे शोधू? हे एकदा ट्रेनिंगला महिनाभर बाहेरगावी होते. मला वाटलं, चला, आता घर आपलं. लसणाचा झणझणीत ठेचा केला, पाट्यावर वाटून, आणि ताटात घेतल्यावर खाववेना. यांना लसणाचा वास आवडत नाही. हे तिकडे शेकडो मैलांवर, आणि मी इथे एकटी ताटापुढे बसून घाबरलेली. उठून खिडक्या उघडल्या.

गेल्या थंडीत मुलीचं लग्न ठरलं. मुलगा इथलाच, मराठी, वडील लष्करात होते. तो सी-स्कीम भागातल्या एका ऑफिसात आहे, हीही तिथेच जवळ काम करते. दिसायला देखणा, बोलायला मिठ्ठास, मला "काकू, काकू" करणारा. हे तर त्याच्यावर फिदा. मलाही आवडला होता, खोटं कशाला बोलू?

एका रविवारी तो आम्हाला दोघींना सिनेमाला घेऊन गेला. हल्लीचाच सिनेमा. एक एकटा तरुण मोबाइलमध्ये आपल्याला हवी तशी मुलगी लिहून काढतो. डोळे असे, आवाज असा, भांडखोर नको. आणि सकाळी ती मोकळ्या केसांनी स्वयंपाकघरात चहा करत उभी! लोक हसत होते. मध्येच ती उलट काहीतरी बोलते, तेव्हा तो मोबाइल काढून एक ओळ खोडतो आणि ती वाक्य अर्धं टाकून गोड हसते. सगळं थिएटर खिदळलं. आणि शेजारच्या खुर्चीत तो माझ्या मुलीच्या कानाशी लागून म्हणाला, "देख, तू भी बाल ऐसे ही रखा कर." माझ्या मुलीचा हात तिथल्या तिथे केसांकडे गेला आणि तिने क्लिप काढला.

त्यानंतर मी डोळे उघडे ठेवून बघायला लागले. तिचं आवडतं हिरवं जाकीट दिसेनासं झालं. तिच्या ऑफिसातली एक आगाऊ मैत्रीण घरी यायची बंद झाली. फोनवर ही एकदम हळू बोलायला लागली. माझी मुलगी, जिचा आवाज चौथ्या मजल्यावरून खालच्या भाजीवाल्या भैयाला ऐकू जायचा! तिच्याही मागे एक बाई येऊन उभी राहिली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. गोगलगाय नि पोटात पाय, असं मनात म्हणून गेले मी होणाऱ्या जावयाला. पण बोलणार काय? त्याने केलं काय होतं? केसांचा क्लिप काढायला सांगितला, म्हणून लग्न मोडतं का कुणी?

लग्न जवळ आलं आणि एका दुपारी जेवताना ती म्हणाली, "आई, त्याने नाव सिलेक्ट केलंय. तांदळात लिहायचं ते. मतलब, त्याला आधीपासूनच आवडायचं ते नाव. किती क्यूट ना!"

"नाव बदलायचं नाही," मी म्हणाले.

"अगं, हौस असते," हे म्हणाले, नेहमीच्या मऊ आवाजात.

"काहून?" मी ओरडलेच. "तिचं नाव काय वाईट आहे?"

"आई, तू पण ना! नुसती रस्म आहे. बाबांनी पण तुझं बदललं होतं ना? तुला काय फरक पडला?"

काय सांगणार? भात आणते म्हणून उठले आणि आत येऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. पोर हातातून चालली होती आणि मला एक धड वाक्य सुचत नव्हतं, याची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर मुलीने यांना माझं पहिलं नाव विचारलं. तिला ते माहीतच नव्हतं, कारण माहेरी मला सगळे ताईच म्हणायचे. यांनी सांगितलं. ते सगळं मला नंतर कळलं. मला ऐकू आलं ते एवढंच, की कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय. एकदा, मग पुन्हा, मग जरा मोठ्याने. मी म्हटलं, शेजारी कुणी पाहुणी आली असेल. कुकरचं झाकण काढलं, भात वाढून घेतला. वळले तर मुलगी दारात उभी.

"आई," ती म्हणाली, "मी तुलाच बोलवत होते."

ते नाव मला ऐकू आलं होतं, नीट, स्वच्छ ऐकू आलं होतं. पण ते माझं आहे असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

ती तिथेच ओट्याला टेकली आणि तिने त्याला फोन लावला. स्पीकर चालू होता. "सुन," ती म्हणाली, "नाम मेरा यही रहेगा. तांदळात लिहायचं तर हेच लिही."

तो हसला. चिडला नाही. खूप मायेने म्हणाला, "अरे यार, ये तू नहीं बोल रही. तू ऐसी नहीं है."

हे जेवणाच्या टेबलाशी बसले होते, त्यांनी मान खाली घातली. "तू अशी नाहीस" हे वाक्य आमच्या घरात नवं नव्हतं.

"ऐसी ही हूँ," मुलगी म्हणाली. तिकडून तो पुन्हा काहीतरी मऊ मऊ बोलायला लागला. तिने फोन बंद केला. मग तिला रडू फुटलं, लहानपणी फुटायचं तसं, मोठ्याने. लग्न होईल की मोडेल, तिला माहीत नव्हतं आणि मलाही नाही. मी भाताचं भांडं खाली ठेवलं, जवळ गेले आणि तिला तिच्या नावाने हाक मारली.

तिने लगेच ओ दिली.