एलुबीचे चार शनिवार

"मावशे, रस्त्यानं आनी कुनी येतंय का गं? तुजी कढई उंचावर हाय, तुला दिसत आसंल."

"दिसतंय की. एक शेळी येतीया. घालू का खेळात?"

"चेष्टा नगं करू. धा वाजून गेलं."

"मी कुटं चेष्टा करतीया? चार पायांची हाय, दोन पोरींचं काम करंल."

एलुबीनं हसायचं म्हणून ओठ हलवले आणि परत मैदानाकडं वळली. गळ्यात शिट्टी, अंगात निळी पँट, पायात पांढरे बूट. ते बूट बघूनच आमच्या बाया म्हणायच्या, हिच्या पायाला आमची माती चालत नाही वाटतं. मैदानावर कुदळीनं ओढलेल्या रेघा, दोन टोकांना दोन लोखंडी खांब, त्यांच्या डोक्यावर रिंगा. ओळीनं मांडलेले बारा चेंडू. दोरीवर लटकवलेल्या तीस लाल बंड्या. एवढ्या मांडामांडीपुढं पोरी किती, तर दोन. त्याही शाळेतल्या मास्तरांच्या. बापानं हाकलल्या म्हणून आलेल्या, आणि जुलैच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्याच्या, थंडीनं बगलेत हात घालून उभ्या राहिलेल्या.

हा तिसरा शनिवार होता. पहिल्याला नऊ पोरी आल्या, दुसऱ्याला चार.

मी कांबेरेच्या मैदानाकडंला मंदासी तळते. गोडसर पिठाचे गोळे, शाळा सुटली की तासाभरात खपतात. त्या कढईपाशी बसून गावात काय चाललंय ते मला सगळं दिसतं, आणि दिसलं नाही ते गिऱ्हाईक सांगतं. त्यामुळं पोरी का येत नाहीत ते मला पहिल्या शनिवारपासनं ठाऊक होतं. एलुबीला नव्हतं. सगळ्या गावात तिला एकटीलाच नव्हतं.

पोरगी आमच्याच गावची. आई जोहान्सबर्गला लोकांच्या घरी स्वयंपाक करते, वर्षातनं एकदा येते, कधी तेही नाही. एलुबी अकरा वर्षांची असताना शेजारच्या गावात असंच नेटबॉलचं शिबिर लागलं होतं. ही उसासारखी उंच. रिंगेत चेंडू टाकायला हिला उडी मारावी लागायची नाही. कुणीतरी तिला हेरलं आणि डेड्झाच्या शाळेत फुकट वसतिगृहात घातलं. तिथनं ती झोम्ब्याच्या कॉलेजात गेली. आता एकवीस वर्षांची आहे. गावात दिसायची ती नाताळात आठ दिवस. तिच्या वयाच्या पोरींच्या कडेवर दोन-दोन लेकरं आहेत, आणि त्यातलं कुठलं कुणाचं हे तिला विचारावं लागतं. बोली मात्र तिची कांबेरेचीच राहिली, तेवढं मी तिच्या बाजूनं म्हणेन.

यंदा सुट्टीला येताना ती ब्लांटायरच्या एका धर्मादाय संस्थेकडनं हे सगळं सामान मागून आली. अट एवढीच की चार शनिवार शिबिर चालवायचं. चौथ्याला संस्थेची बाई येऊन पोरी मोजणार. तीस भरल्या तर चेंडू, खांब, बंड्या कायमच्या कांबेरेला, वर दर सुट्टीत एक शिकवणारी. नाही भरल्या तर सगळं उचलून दुसऱ्या गावाला. कॉलेजातल्या चार मैत्रिणी संगं येणार होत्या. एकीला नोकरी लागली, एकीचं लग्न निघालं, दोघींनी फोनच उचलला नाही. मग ही एकटीच रेघा ओढायची, एकटीच संत्री चिरायची, आणि संध्याकाळी हापशावर एकटीच तीस कोऱ्या बंड्या धुवायची. कुणी घातल्या नव्हत्या, तरी धुवायची.

त्या दिवशी मास्तरांच्या पोरीही अकराला घरी पळाल्या. एलुबी येऊन माझ्या दगडावर बसली.

"मावशे, माजं चुकतंय काय? संत्री दिली, बंड्या दिल्या. घरोघर सांगून आले. समद्या म्हनत्यात, 'व्हय व्हय, पाठवतो.'"

"तुला खरंच ठावं न्हाई?"

"काय?"

मग मी सांगितलं. मार्चात नाफिरीची आई गेली. नाफिरी म्हणजे आमच्या बायांची पुढारीण. गावात कुणी गेलं की कुठल्या घरातनं किती पीठ आणायचं, कुणी पाणी वाहायचं, कुणी कुठली चूल धरायची, हे तीच ठरवते. म्हातारीला तीन दिवस सगळं गाव बसलं होतं. एलुबीनं झोम्ब्याहून फोनवर पैसे पाठवले आणि दोन ओळी लिहिल्या. एरवी येत नाही, पण यंदा ईस्टरला घरी आली, दोन रात्री झोपली आणि नाफिरीच्या अंगणात पाय न ठेवता परत गेली. तिला वाटलं, झालं आपलं. शहरात आता सगळे असंच करतात म्हणे.

"परीक्षा व्हती मावशे."

"म्हातारीला कुटं ठावं व्हतं तुजी परीक्षा हाय ते. न्हाईतर थांबली आसती."

एलुबी बुटावरची माती झाडायला लागली.

"नाफिरी हापशावर काय म्हनली सांगू? म्हनली, 'फोनवर रडली, आता फोनवरच खेळव म्हनावं.'"

"आनी तुजी लेक, फॅनी? तिला तर लई आवडतं."

मी कढईतले गोळे उलटले. आधीच उलटलेले होते.

"फॅनी बी न्हाई यायची."

"तू बी का मावशे?"

"मी एकटी बाई हाय. उद्या मी मेले तर मला खड्ड्यापातूर कोन नेईल? तुजे चेंडू?"

त्याच संध्याकाळी ती साखर आणि साबण घेऊन नाफिरीकडं गेली. नाफिरीच्या अंगणाला माझं कुंपण लागून आहे, आणि ते कुंपण गवताचं आहे. बाया चटईवर बसून शेंगा फोडत होत्या. एलुबी चटईच्या कडेला गुडघे टेकायला वाकली, तर नाफिरीनं लेकीला हाक मारली, "आतनं खुर्ची आन गं."

"नगं मावशी, मी हितंच बसते."

"छे! पाव्हन्यांना आमी खुर्ची देतो."

खुर्ची आली. आमच्यात खुर्चीवर सरकारी माणूस बसतो, नाहीतर पाद्री. एलुबी बसली. खाली सात बाया, वर ही एकटी, मांडीवर साखरेची पिशवी.

"मी चुकले, मावशी."

"तू कशाला चुकशील? तू शिकलीस."

"यायला पायजे व्हतं मी."

"पैसं मिळालं व्हतं तुजं. आईला सांगायचं ऱ्हायलं बग. ती आदीच गेली व्हती."

शेंगा फुटायचा आवाज थांबला नाही.

"आनी हे बग," नाफिरी म्हणाली, "तुजा नंबर दिऊन जा. तुज्या घरात कदी काय झालं, तर आमाला बी पाठवता यील."

कुणीतरी हसलं. एलुबीनं पिशवी खुर्चीवर ठेवली आणि ती निघून गेली. त्या साखरेचा चहा मीही प्याले, खोटं कशाला बोलू.

न्सिमा, म्हणजे आमचा मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, हा काही एकट्यानं खायचा पदार्थ नव्हे. मधे ताट, भोवती चार माणसं, हातानं गोळा वळायचा आणि बोलत खायचं. एलुबी आईच्या रिकाम्या घराच्या दारात उभी राहून खायची, चहाच्या बशीत. मग आंब्याखाली जायची, कारण फोनला तिथंच आवाज येतो. आई तिकडं मालकिणीच्या स्वयंपाकघरात असायची, दबक्या आवाजात दोन शब्द बोलायची, आणि फोन तुटायचा. फोन तुटल्यावरही ही तो कानाला तसाच धरून उभी असायची. वाटंनं जाणाऱ्यांना वाटावं, बोलतेय.

दुसऱ्या दिवसापासनं तिनं गावात विचारणं सोडलं. नदीपलीकडं मिशनची शाळा आहे, दोन तासांची चाल. तिथं तीनदा जाऊन आली. थोरल्या बाईंनी शेवटी शब्द दिला की शनिवारी पस्तीस पोरी चालत येतील, संगं एक शिक्षिका.

"अट तीस पोरींची हाय, मावशे. कुटल्या गावच्या ते कागदावर लिवलेलं न्हाई. एकदा सामान हितं ऱ्हायलं की ऱ्हायलं. मंग वर्सानं का व्हईना, फॅनी खेळंल."

डोकं चाललं होतं पोरीचं. मी म्हटलं, घे दोन मंदासी, फुकट.

चौथ्या शनिवारी उजाडता उजाडता म्हातारा काझुवा गेला. टोपल्या विणायचा, आंधळा होता. बायको कधीच गेलेली, दोन लेक खाणींत गेले ते गेलेच. त्याच्यासाठी रडणारं घरचं कुणी नव्हतं, म्हणून उठला तो प्रत्येक जण तिकडंच निघाला. मयत झाली की आमच्यात शेतात कुदळ पडत नाही, रेडिओ लागत नाही. आणि स्मशानाची वाट मैदानाच्या अंगावरनं जाते.

एलुबी रेघा ओढत होती. मुखिया स्वतः चालत आला.

"पोरी, ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं, आजोबा."

"ती ब्लांटायरची बाई येनार. सामान गावाच्या कामाचं हाय. तवा आसं कर, शिट्टी वाजवू नगंस, गानी म्हनू दिऊ नगंस. हळू खेळा. खड्डा व्हयाला दुपार व्हतीया. तवर उरकून घे."

म्हणजे परवानगी मिळाली. मुखियाचा शब्द, त्यावर नाफिरीनंही तोंडानं काही म्हटलं नसतं. मुखिया गेला तशी ती माझ्याकडं आली.

"मावशे, काय करू?"

"मला नगं इचारू. मी चूल इझवून तिकडंच निघालीया."

एका बाजूला काझुवाच्या खोपीकडं बाया डोक्यावर पीठ घेऊन चालल्या होत्या. दुसऱ्या बाजूला लांब, नदीच्या वळणावर, हिरव्या कपड्यांची रांग दिसायला लागली होती. एलुबीनं कुदळ खाली टाकली, संत्र्यांचं पोतं उचललं आणि रांगेकडं पळत सुटली.

मला वाटलं, त्यांना घाईनं आणायला चाललीय. तसं नव्हतं. तिनं त्यांना वाटेतच थांबवलं. पोत्यातली संत्री एकेकीच्या हातावर ठेवली आणि रांग फिरवली. दोन तास चालून आलेल्या पोरी दोन तास चालत परत. त्यांची शिक्षिका हात हलवून बरंच काही बोलत होती. नंतर एलुबीनं मला त्यातलं एकच वाक्य सांगितलं: "आमच्या शाळेत पुन्हा येऊ नका."

साडेनवाला ब्लांटायरची बाई पिकअप घेऊन आली. बाई वाईट नव्हती. वही उघडली, रिकामं मैदान बघितलं, काय झालं ते ऐकून घेतलं, म्हणाली, मला वाईट वाटतं, पण नियम सगळ्या गावांना एकच. दोन माणसांनी खांब उपटले. दुसरा खांब जड होता, तर त्याचं एक टोक एलुबीनंच धरून गाडीत चढवलं. चेंडू मोजून दिले. सही केली. मैदानात दोन भोकं राहिली.

मग तिनं पँटवर चितेन्जे गुंडाळलं, आमच्यात पायघोळ फडकं नेसल्याशिवाय बाईनं मयतीला जायचं नसतं, आणि बादली घेऊन काझुवाच्या खोपीकडं आली. कुणी ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. वाट तेवढी दिली. हापशापासनं खोपीपर्यंत तिनं अकरा खेपा केल्या. डोक्यावर बादली धरायची सवय मोडली होती, पाणी मानेवरनं पाठीत उतरायचं. एका म्हातारीनं कोरडी चुंबळ तिच्याकडं फेकली आणि तोंड फिरवलं.

दुपारी माती दिली. मग जेवणं. बाया ताटाभोवती बसल्या, पाच इथं, पाच तिथं. एलुबी पळी घेऊन चुलीपाशी उभी होती. सगळ्यांना वाढून झालं तरी उभीच. माझ्या ताटाला आम्ही पाच जणी होतो. मी जरा सरकले असते तर सहावी बसली असती. मी सरकले नाही. माझ्या शेजारी नाफिरी होती. एलुबीनं भांड्याच्या बुडाची खरपुडी खरवडली आणि उभ्यानंच खाल्ली.

हात धुऊन झाल्यावर नाफिरी दातात काडी घालत चुलीकडं गेली.

"ते चेंडू कुटं गेलं?"

"नेलं."

"आनी खांब?"

"ते बी नेलं."

"पलीकडच्या पोरी यायच्या व्हत्या म्हनं."

"परत लावल्या."

नाफिरीनं काडी थुंकली.

"कवा जानार हायस?"

"सोमवारी. सकाळच्या गाडीनं."

"मंग मंगळवारी कुनी मेलं तर तू न्हाईसच."

"न्हाई," एलुबी म्हणाली. "मी न्हाईच."

एवढं खरं बोलेल असं नाफिरीला वाटलं नसावं. पाठीमागं बाया चटया झटकत होत्या. काही निघाल्याही होत्या.

"त्या दोन मोठ्या पातेल्यांचं बूड करपलंय," नाफिरी म्हणाली. "ऊन हाय तवर घासून घे. कडंला करपलेलं काय ठिवू नगंस."

आणि ती निघून गेली. पाव्हन्यांना आमच्यात कुणी पातेली घासायला सांगत नाही. एलुबीनं चितेन्जे गुडघ्याच्या वर खोचलं, पहिलं पातेलं आडवं पाडलं, ढकलत ढकलत हापशाखाली नेलं, मूठभर वाळू घेतली आणि खांद्यापर्यंत आत शिरून घासायला लागली.