दोन सॉफ्टवेअर आणि वीस कॅरेट टमाटे

माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, पण निवृत्तीनंतर चार लोक चहाला बसले की मला आग्रह होतो तो टमाट्यांच्या केसचा. नावं सांगणार नाही. बाकी घडलं तसं सांगतो.

मी तेव्हा वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी घेऊन बाहेर आलो, तर व्हरांड्यात टमाट्यांचे वीस कॅरेट रचलेले. शेजारी रिठदकडची एक पन्नाशीची बागायतदार बाई पदर खोचून उभी.

"हे काय आहे?"

"मुद्देमाल," ती म्हणाली. "व्यापाऱ्यानं मले फसवलं. तक्रार लिहून घ्या."

बाजारपेठेतल्या एका पेढीनं तिच्या प्लॉटातला सगळा माल सॉसच्या कारखान्यासाठी उचलायचा करार केला होता. माल पिकला, गाडी आली नाही. चौकशीला गेली तर पेढीवाले म्हणाले, तुमचा आमचा करारच नाही.

"तुमची प्रत कुठं आहे?"

"पेढीवालेच म्हणे, कागद कायले सांभाळता, आता सारं कम्प्युटरात हाय!"

ही दिवाणी बाब. अदखलपात्र नोंद घ्यायची आणि कोर्टाची वाट दाखवायची. मी तसं सांगितलंही.

"कोर्टाची तारीख येईस्तोवर टमाटे थांबतीन का, साहेब? अर्धा प्लॉट अजून झाडावर हाय. आन् हा मुद्देमाल तर आताच सडून राह्यला."

एका कॅरेटमधून गळलेला रस ठाणे अंमलदाराच्या टेबलाखाली पोचला होता, आणि अंमलदार पाय वर घेऊन स्टेशन डायरी लिहीत होता.

तेवढ्यात बाजाराच्या बीटवरचा हवालदार माझ्या कानाशी आला. "साहेब, त्या पेढीत चोर कोनी नाई. दोघं भाऊ चार महिन्यांपासून एकमेकांशी बोलत नाईत. कम्प्युटरवरून वाजलं त्यांचं."

बाईला जीपमध्ये घेऊन मी पेढीवर गेलो. दोघे भाऊ जैन व्यापारी, गावात मान असलेले. एकाच खोलीत दोन टेबलं, आणि दोघांची पाठ एकमेकांकडे. पद्धतीप्रमाणे दोघांना वेगवेगळं विचारलं.

थोरले म्हणाले, "साहेब, माझं सॉफ्टवेअर फक्त करारांचं. मुदत कधी संपते, कोणती अट आहे, कोणाची सही राहिली, सगळं आपणहून सांगतं." त्यांनी बाईचं नाव टाकलं. "पाहा, नाही. इथं नाही म्हणजे करार नाही. धाकट्यानं घेतलंय ते नुसतं गोदाम आहे."

धाकटे म्हणाले, "माझ्यात पेढीचा कागद न् कागद आहे. बिलं, पत्रं, फोटो, नकाशे. करारसुद्धा! त्याच्यासाठी वेगळं कशाला हवं?" त्यांनीही बाईचं नाव टाकलं. एकच नोंद आली : लग्नपत्रिका.

"ही यांच्या मुलीची," ते म्हणाले. "आम्ही गेलो होतो ना. जेवण फार छान होतं."

मी मान डोलावली आणि पुढे गेलो. तासभर दोन्ही पडदे बघून डोळे दुखायला लागले. शेवटी कम्प्युटर सोडला आणि बाईकडे वळलो. आरोपी असो की फिर्यादी, त्याला वस्तू विचारू नये, दिवस विचारावा.

"सही केली त्या दिवशी इथं आल्यावर काय काय केलं?"

"अंगठा नाई, सही केली. मंग पेढीवरच्या पोऱ्याजवळ कागदासंगच पोरीच्या लग्नाची पत्रिका देल्ली. चहा पेली. एसटीनं घरी गेली."

"कागदासंगच?"

"हाव. एकाच हातानं."

मी धाकट्यांना म्हटलं, "ती पत्रिका उघडा. किती पानं आहेत?"

"सात."

"कोणत्या लग्नाची पत्रिका सात पानांची असते?"

पहिल्या पानावर गणपती. दुसऱ्यावर मामाकडचे, आत्याकडचे. तिसऱ्यावर ठळक अक्षरात : करारनामा. कोणीतरी गठ्ठाच्या गठ्ठा स्कॅन करून वरच्या पानाचं नाव देऊन टाकलं होतं.

मग थोरले वळले. "हा माझ्याकडे पाठवायला काय झालं होतं तुला?"

"तू बोलत असतास तर पाठवला असता!"

चार महिन्यांतलं ते पहिलं संभाषण. पाव तास कडाडून भांडले. बाई मधे पडली, "मंग भांडा! आधी गाडी बोलवा." धाकट्यांनी गाडीवाल्याला फोन लावला. थोरल्यांनी करार आपल्या सॉफ्टवेअरमध्ये चढवला, तर लगेच लाल अक्षरं आली : तोडणीची मुदत उलटली, नुकसान पेढीकडे. त्यांनी ते स्वतः मोठ्यानं वाचून दाखवलं आणि बाईपुढे हात जोडले. दुपारी गाडी प्लॉटात लागली. व्हरांड्यातला मुद्देमालही त्यांच्याच माणसांनी उचलला.

दोन्ही सॉफ्टवेअर चांगलीच होती. एकाला तारखा, अटी कळत होत्या, पण त्यात चढवलेल्या करारांच्याच. दुसऱ्याच्या पोटात सगळं होतं, पण काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. आमच्या ठाण्यातही गुन्हे रजिस्टर वेगळं आणि रेकॉर्ड रूम वेगळी. फरक एवढाच, की आमचा कारकून दोन्हीकडे ये-जा करायचा.

आणि चूक माझीही होती. एवढी वर्षं पंचनामे करून मीही वरचं नाव वाचून पुढे गेलो. त्या दिवसापासून कोणी "साहेब, नोंदच नाही" म्हणालं, की मी कम्प्युटर बघायचो नाही. नोंद करणारे कोण कोण आहेत आणि त्यांचं आपसात बोलणं आहे का, ते आधी विचारायचो.