हवालदारांचं एका ओळीचं टिपण

मुलाशी बोलायचं असलं की हवालदार आधी टोपी काढायचे आणि मग त्याच्यासमोर उकिडवे बसायचे. सहा फुटी गडी, बसताना गुडघे कडकड वाजायचे. “थांब बाळा,” ते म्हणायचे, “आधी गुडघ्यांचा जबाब हुंद्या, मंग तुजा.” पोरं हसायची, आणि हसली की बोलायची.

कर्जत तालुक्यातल्या आमच्या शाळेत दोन गटांत मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, आणि पालकांच्या आग्रहावरून फाटकाशी पोलीस आला. मला ते मुळीच पटलं नव्हतं. शाळेत खडू असावा, काठी कशाला, असं मी तावातावाने म्हणत असे. अर्थात स्टाफरूमचं दार लावून. मी शिक्षणसेवक, कायम व्हायला चार महिने बाकी होते. तुम्हीही नोकरदार असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, आपली तत्त्वं दाराआड फार कडक असतात.

पण या माणसापुढे माझं मत डळमळू लागलं. सकाळच्या गर्दीत कोण घरून रडून आलंय, हे त्यांना नुसत्या चालीवरून कळायचं. वर्गात तासभर समोर उभं राहून मला जे दिसत नसे, ते त्यांना फाटकातून दिसे. मी थक्क व्हायचो आणि जरा खट्टूही व्हायचो. दप्तरं तपासायला मात्र ते नाखूश असत. “दप्तर उघडलं की पोरगं मिटतं, सर,” म्हणायचे. तपासणी मग आम्हा शिक्षकांकडेच आली.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी नववीच्या वर्गाला सांगितलं, “उद्या पूजेला आपापली हत्यारं आणा.” म्हणजे पेन, कंपास, फार तर पट्टी. आपण काय झकास बोललो, असंही मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या दप्तरात कोयता निघाला.

तिचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. ती चुलतीकडे राहून शिकत होती, आणि अभ्यासात चांगली होती. पण कोयता म्हटलं की हल्ली लोकांना मोबाईलवरच्या बातम्या आठवतात. अर्ध्या तासात पालक जमले. “दाखला देऊन टाका तिचा!” असा ओरडा सुरू झाला. आमच्या मुख्याध्यापिका बाई घामाघूम झाल्या. दाखला हातात पडला की मुलगी दिवाळीनंतर आईबरोबर उसाच्या फडात जाणार आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न लागणार, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही होतं.

मुलगी भिंतीला चिकटून उभी होती. हवालदारांनी कोयता हातात घेऊन पाहिला. स्वच्छ धुतलेला, नव्या खणात गुंडाळलेला, पात्यावर हळदीकुंकवाची बोटं. मग ते तिच्यासमोर बसले.

“कशापायी आनला, बाळा?”

“पूजेला,” ती पुटपुटली. “हत्यारं आना म्हनले हुते. आमच्या घरात ह्येच हाय.”

कोण म्हणालं, ते तिने सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हवालदारांनी मात्र बघितलं. लिहायला लाज वाटते, पण मी तोंडात मिठाची गुळणी धरून खिडकीबाहेर पाहत राहिलो.

ते उठून लोकांपुढे गेले. “मारायला निघालेला मानूस हत्यार धुऊन, कुकू लावून आनत न्हाई. आज घरी कोयता-विळा पुजला न्हाई असा कोन हाय तुमच्यात? हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही.

“मंग? तुमी घरी पुजला, हिनं शाळंत आनला.”

सरस्वतीच्या पाटापुढे, वह्या-पेनांच्या रांगेत त्यांनी तो कोयता ठेवला. शेजारी स्वतःची काठी ठेवून हात जोडले. मागे एकेक जण चपला काढून उभा राहू लागला. एवढा मोठा माणूस मी तोवर जवळून पाहिला नव्हता, आणि मी उंचीचं म्हणत नाही. त्यांच्या वहीत त्या दिवसाचं टिपण एका ओळीचं होतं: ‘हत्यार मिळाले नाही. अवजार मिळाले, पूजा करून परत दिले.’

कुणीतरी काढलेला फोटो वरपर्यंत पोहोचला. शाळेत कोयता सापडतो आणि साधी तक्रार नाही? मुलीला तो आणायला सांगितलं कुणी? हवालदारांनी “माहीत न्हाई” एवढंच उत्तर दिलं, असं बाईंनी मला नंतर सांगितलं. आठवड्याभरात त्यांची कोल्हारला रहदारीच्या कामावर बदली झाली. त्यांच्या जागी आलेला पोलीस दप्तरं स्वतः तपासायचा. मुलं मुकाट रांग लावायची.

फेब्रुवारीत मी कायम झालो आणि त्यानंतरच्या रविवारी त्यांना भेटायला कोल्हारला गेलो. कायम झाल्यावरच गेलो, हेही सांगून टाकतो. उसाच्या ट्रॅक्टरांची लांबलचक रांग होती आणि ते रस्त्याच्या मधोमध उभे होते.

“ते वर्गात मीच सांगितलं होतं,” मी म्हणालो. “मी बोलायला हवं होतं.”

“ठावं हाय. पोरगी येती का शाळंला?”

“रोज येते.”

“मंग झालं की.”

एवढं बोलून त्यांनी हात वर केला. समोरचा ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत मोळ्यांवर नववीच्या वयाची एक मुलगी बसली होती. रांगेतले मागचे हॉर्न वाजवू लागले. हवालदार ट्रॉलीजवळ गेले आणि मान वर करून त्यांनी विचारलं, “शाळा कुठली गं तुजी?”