भिंतीची खळ

कापड पुठ्ठ्यावर नुसतं चिकटवलं तर खळ आरपार येते आणि डाग पडतात. म्हणून आधी कापडाच्या पाठीला पातळ कागद चढवायचा, तो वाळू द्यायचा आणि मग त्या कापडात पुस्तक बांधायचं. हे मी फोनवरच्या व्हिडिओंतून शिकले. त्या व्हिडिओंत फक्त हात दिसतात, नखं स्वच्छ असतात आणि टेबल रिकामं असतं. बिर्लानगरच्या आमच्या मिलच्या क्वार्टरमध्ये रिकामी जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, तोही फक्त दुपारी.

त्याआधी मी वर्तमानपत्रांच्या लगद्याचे वाडगे करून पाहिले होते. वाळताना ते वाकडे झाले आणि घरभर कुबट वास सुटला. आई म्हणाली, "एक मिल बंद पडली, दुसरी माझ्या ओट्यावर सुरू झाली." बाबांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"वर्तमानपत्रं कशाला आणतेस, बेटा? हे घे. भिजव."

पेटीत त्यांची पत्रकं होती. बाबा मिलच्या सायझिंग खात्यात होते. विणण्याआधी सुताला खळ लावायची, हे त्यांचं काम. युनियनची पत्रकं लिहायची आणि भिंतींवर चिकटवायची, हेही त्यांचंच काम. मिल बंद झाली तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण अक्षरं मी त्या पत्रकांवरच शिकले. बाकीच्या मुलांचा 'म' मासोळीचा होता, माझा मजदूरचा.

"भिजवू?" मी भडकले. "मी यांचं पुस्तक बांधणार आहे. मिलच्याच कापडात."

"बांध मग. क्या फ़र्क पड़ता है."

आईने मिलच्या लठ्ठ्याचा, म्हणजे जाड सुती कापडाचा, एक तुकडा इतकी वर्षं साड्यांच्या खाली जपला होता. माझं भाषण ऐकून तिने तो काढून दिला. मी अर्धा कापला आणि खळ शिजवली. आमच्या घरात खळ एकाच तऱ्हेची होते: मैदा घट्ट शिजवायचा आणि त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे गाईगुरं पोस्टर चाटत नाहीत. लहानपणी, मिल बंद झाल्यावरही पोस्टरं लावत फिरणाऱ्या बाबांबरोबर दौलतगंजच्या भिंतींवर मी तीच फासली होती, दोन्ही बाजूंनी, भरपूर. लठ्ठ्यावरही तशीच फासली. सकाळी पाहिलं तर कापडावर हिरवट पांढरे चट्टे उमटले होते आणि दुमडल्यावर ते पापडासारखं तडकत होतं.

बाबांनी ते बोटांत चोळून पाहिलं.

"दोन प्रकारची खळ करायचो मी," ते म्हणाले. "एक सुताची, एक भिंतीची. तू भिंतीचीच शिकलीस."

त्या दुपारी त्यांनी सुताची खळ करून दाखवली. पातळ, गाळलेली, बोटाला जेमतेम लागेल इतकी. खळ कापडाला नाही, कागदाला लावायची. कापड नुसतं ओलसर करायचं. मी त्यांना मिलमधल्या कामगारासारखं काम करताना पहिल्यांदाच पाहिलं आणि मला राग आला. हे इतकं येणाऱ्या माणसाला घरी बसवून ठेवलं, याचा राग. उरलेला अर्धा तुकडा ओट्यावर पाटासारखा सपाट वाळला.

मग पत्रकं लावायला बसलो. बाबांनी एक कागद बाजूला काढला. "हे नको."

मी वाचलं: "दस्तख़त मत करना. मिल चलेगी."

सही करून, हिशेब संपवून निघून जा, असं तेव्हा मिलचे मालक कामगारांना सांगत होते. ज्यांनी सही केली ते दुसऱ्या गावी दुसऱ्या कामाला लागले. आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या काकांनी केली नाही. मिल काही चालली नाही. काका आता या वयात किला गेटजवळ एका दुकानाच्या दाराशी पहारा करतात. रोज सायकलवरून जाताना म्हणतात, "नमस्ते, नेताजी." त्या नेताजीत टोमणा नसतो. तेच बाबांना सोसत नाही.

"तुम्ही तरी कुठे सही केलीत?" मी म्हणाले.

"मी लिहिलं होतं. त्याने वाचलं होतं."

"पान गाळलं तर पुस्तक खोटं होईल. खोटं पुस्तक मी बांधणार नाही." मी तत्त्वाने बोलले, म्हणजे मोठ्या आवाजात.

"मग मला दाखवू नकोस," बाबा म्हणाले आणि उठून गेले.

मी ते पान शिवलं. सगळ्यांत शेवटी. आजही काढणार नाही. पण हेही खरं की ते ठेवायला माझं काहीच गेलं नाही. मला सायकलवरून कोणी नमस्ते करत नाही.

पुस्तक तयार झाल्यावर न राहवून मी ते त्यांच्या हातात दिलंच. त्यांनी कापडावरून अंगठा फिरवला, कडा तपासल्या, कुठे फुगवटा आहे का पाहिलं.

"खळ चांगली बसली," ते म्हणाले.

मी वाट पाहत राहिले. त्यांनी पुस्तक उघडलं नाही. बाहेर सायकलची घंटी वाजली, नमस्ते आला आणि बाबांनी हात वर करायच्या आधी पुस्तक उशीखाली सरकवलं.