बॉयलरचं पाणी आणि माझा अंगठा

साखर कारखान्याच्या केमिस्टलाच मधुमेह व्हावा, यातली गंमत माझ्याआधी सगळ्या कॉलनीला कळली. "सायेब, साखर गोदामात ठिवायची असती, अंगात न्हाई," असं गेटवरचा वॉचमनसुद्धा ऐकवायचा. मीही हसायचो. पण उजव्या पायाच्या अंगठ्याला झालेली जखम काही केल्या भरेना. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल.

कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "घरीच लघवी तपासा. काचेच्या नळीत या निळ्या औषधात थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम. विटकरी झालं, तर काय खाल्लंत ते आठवा." दर मंगळवारी आम्हा मधुमेहींना हे शिकवायची, पाय तपासायची त्यांची तयारी होती. अडचण निधीची. आमच्या पगारातून कापून उभा केलेला आजारनिधी खर्च द्यायचा, तो खाटेवर भरती झालेल्यालाच. घरी नळी तापवणारा निधीच्या लेखी ठणठणीत! त्यात दुष्काळानं ऊस वाळलेला, हंगाम आखडलेला. औषध पदरचं आणायची ऐपत कुणाची?

मग आम्ही एक नामी युक्ती काढली. तपासणीच्या दिवशी सगळेच भरती! पाच धडधाकट मधुमेही खाटांवर आडवे. आडवं पडून कंटाळा येतो, म्हणून पत्ते काढले. डाव ऐन रंगात आला आणि दारात कारखान्याचे, म्हणजे निधीचेही, चेअरमन उभे.

दुसऱ्याच दिवशी निधीच्या बैठकीत माझी हजेरी लागली.

"केमिस्टसायेब, पत्ते कुटायला निधी न्हाई. भरती बंद!" चेअरमन गरजले.

"बंदच करा," मी म्हणालो. "फक्त एक सांगा. बॉयलरचं पाणी आम्ही तासातासाला कशाला तपासतो?"

"आता मलाच शिकवता व्हय? पान्यात साखर शिरली का, ते बघाया."

"आणि शिरली तर?"

"नळ्या जळत्यात. हंगाम बुडतो."

"मग तपासणीचा खर्च कशाला? नळ्या जळू द्या, नंतर दुरुस्तीचं बिल भरू!"

आता थांबलो असतो तर शोभलं असतं. पण मी पाय उचलून सरळ टेबलावर ठेवला आणि पट्टी सोडायला लागलो. "ही माझी नळी. अजून पुरती जळलेली नाही."

"पाय खाली घ्या वो!" चेअरमननी कपबशी छातीशी धरली. "च्या पितोय आमी! घ्या, एका हंगामापुरतं औषध घ्या, मंगळवारची शाळाबी घ्या. पन पत्ते दिसले तर बघा!"

तेव्हापासून घरात रोज सकाळी ओट्यापासून दूर, पडवीत स्पिरिटचा दिवा पेटू लागला. नळी मी धरायचो, निकाल बायको द्यायची. "विटकरी! काल कुणाकडे बारसं होतं?" लपवालपवीची सोयच उरली नाही. हळूहळू विटकरीचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा. जखम कडेनं सुकायला लागली.

हंगाम संपता संपता आम्ही दोघं नगरला गेलो. डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला, उजेडात धरून पाहिला.

"कापायचं काही कारण दिसत नाही," ते म्हणाले.

"मग एक पेढा...?" मी विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. डॉक्टरांना तोंड उघडायलासुद्धा तिनं वेळ दिला नाही.